पाण्याचे स्मार्ट मीटर: शहराला अनुदान कसं मिळतं आणि आपल्या नळाला त्याचा काय उपयोग?



मागच्या महिन्यात आईचा फोन आला. आमच्या गावाकडं, म्हणजे मराठवाड्यातल्या एका लहान शहरात, घरोघरी पाण्याचे स्मार्ट मीटर बसणार आणि त्यासाठी सरकारकडं अनुदान मागितलंय, अशी गल्लीत चर्चा सुरू होती. मी लगेच उत्साहात सांगायला लागले, "अगं आई, भारीच की! किती पाणी वापरलं ते थेट मोबाईलवर दिसेल." आईनं शांतपणे विचारलं, "आपल्याकडं नळाला पाणी येतं आठ दिवसांनी. मग मधल्या दिवसांत तो मीटर काय मोजणार, हवा?"

मी हसले. पण फोन ठेवल्यावर या विषयाची माहिती शोधत बसले, तेव्हा लक्षात आलं की आईनं नकळत या सगळ्या योजनेतला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला होता. कारण काही मीटर खरोखरच हवा मोजतात! ते कसं, हे पुढं येईलच. त्याआधी स्मार्ट मीटर म्हणजे काय, शहराला तो कशासाठी हवा असतो आणि त्याचे पैसे कोण देतं, हे एकेक करून पाहूया.

स्मार्ट मीटर नेमका काय करतो?

साध्या मीटरमध्ये एक छोटी चक्री असते. पाणी वाहिलं की ती फिरते आणि आकडे पुढं सरकतात. काळे आकडे घनमीटर दाखवतात, लाल आकडे किंवा लाल काटे लिटर. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. महिन्याला किंवा दोन महिन्यांनी कर्मचारी येतो, आकडा लिहून नेतो. घराला कुलूप असेल तर अंदाजे बिल येतं.

स्मार्ट मीटरमध्ये दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे मोजण्याची पद्धत. काहींमध्ये जुनीच चक्री असते आणि तिच्या प्रत्येक फेरीची नोंद एक सेन्सर घेतो. काही अल्ट्रासोनिक असतात. त्यांत फिरणारा भागच नसतो. ध्वनिलहर पाण्याच्या दिशेनं जायला किती वेळ लागतो आणि उलट दिशेनं किती, यातल्या फरकावरून वेग काढला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे आकडा पाठवणं. इथं दोन नावं कायम ऐकू येतात, एएमआर आणि एएमआय. एएमआरमध्ये कर्मचारी हातात यंत्र घेऊन गल्लीतून चालत किंवा गाडीवरून जातो आणि घरात न शिरता सगळ्या मीटरचे आकडे रेडिओवरून गोळा करतो. एएमआयमध्ये तोही लागत नाही. मीटर स्वतःच आकडा सर्व्हरवर पाठवतो आणि सर्व्हरकडूनही त्याला सूचना येऊ शकतात. त्यासाठी लोरावॅन किंवा एनबी-आयओटी असं कमी बॅटरी खाणारं नेटवर्क वापरतात. लोरावॅन भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यात चालतं. एनबी-आयओटी मोबाईल कंपनीच्या टॉवरवरून चालतं.

सोप्या शब्दांत सांगायचं तर हा मीटर म्हणजे दिवसभर झोपणारा फोन. ठरलेल्या वेळी उठतो, दोन ओळींचा मेसेज टाकतो आणि परत झोपतो. म्हणून त्याची लिथियम बॅटरी साधारण १० वर्षं टिकेल अशा हिशोबानं बनवलेली असते. ही १० वर्षं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

शहराला हे कशाला हवं?

आपल्याला वाटतं, बिल वाढवायला. तेही एक कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण आहे हिशोबाबाहेरचं पाणी. म्हणजे शहरानं शुद्ध करून सोडलेलं, पण ज्याचे पैसे येत नाहीत असं पाणी. त्यात जमिनीखालची गळती येते, चोरून घेतलेल्या जोडण्या येतात, बिघडलेले मीटर येतात आणि बिल न लावता दिलेलं पाणीही येतं. केंद्र सरकारच्या निकषांप्रमाणे हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत असावं.

एक काल्पनिक शहर घेऊ. लोकसंख्या २ लाख. माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष धरला, तर घरांत रोज २ कोटी ७० लाख लिटर पाणी पोहोचायला हवं. हिशोबाबाहेरचं सगळं पाणी गळतीच आहे असं सोपेपणासाठी मानू. ती ४० टक्के असेल तर तेवढं पोहोचवायला रोज ४ कोटी ५० लाख लिटर सोडावं लागेल. गळती २० टक्क्यांवर आणली तर ३ कोटी ३७ लाख ५० हजार लिटरमध्ये भागतं. म्हणजे रोज १ कोटी १२ लाख ५० हजार लिटर वाचले. १३५ लिटरच्या हिशोबानं ८३,००० हून जास्त लोकांची रोजची गरज. नवीन धरण नाही, नवीन जलवाहिनी नाही, नुसती गळती थांबवून!

पण गळती शोधायची कशी? शहराचे छोटे भाग पाडतात. प्रत्येक भागात पाणी एकाच ठिकाणाहून आत येतं आणि तिथं एक मोठा मीटर बसवतात. आत किती आलं आणि त्या भागातल्या सगळ्या घरांच्या मीटरमधून किती गेलं, याची वजाबाकी केली की हरवलेलं पाणी समजतं. अडचण एकच. आकडे एकाच वेळचे हवेत. एका घरचं रीडिंग सोमवारी, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात, असं असेल तर वजाबाकीला काही अर्थ राहत नाही. स्मार्ट मीटरचा खरा उपयोग इथं आहे. मोबाईल ॲपमधला रंगीत आलेख हा वरचा बोनस.

आणि एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. मीटर गळती दाखवतो, थांबवत नाही. पाईप खणून दुरुस्त करायला माणसं, यंत्रं आणि पैसे वेगळे लागतात.

मग पैसे कोण देतं?

आपल्या काल्पनिक शहरात ४०,००० नळजोडण्या आहेत असं समजा. मीटर, बसवणं, नेटवर्क, सॉफ्टवेअर मिळून एका जोडणीमागं ५,००० रुपये धरले (हा आकडा फक्त उदाहरणासाठी), तर २० कोटी रुपये झाले. कर्मचाऱ्यांचे पगार काढतानाच दमछाक होणाऱ्या नगरपालिकेकडं एवढी रक्कम सहसा नसते. म्हणून अनुदान.

भारतात यासाठी आखलेली मोठी योजना म्हणजे अमृत २.०. १ ऑक्टोबर २०२१ ला ती सुरू झाली, पाच वर्षांसाठी आखलेली. पहिली अमृत योजना २०१५ ची, ५०० शहरांपुरती. दुसरीत सगळी शहरं घेतली, लहान नगरपंचायतीसुद्धा. केंद्राचा वाटा शहराच्या आकारावर ठरतो:

- १ लाखापेक्षा कमी लोकसंख्या: प्रकल्पखर्चाच्या ५० टक्के
- १ लाख ते १० लाख: एक तृतीयांश
- १० लाखांच्या वर: २५ टक्के

(ईशान्येकडची आणि डोंगराळ राज्यं, तसंच केंद्रशासित प्रदेश यांच्यासाठी प्रमाण वेगळं आणि जास्त आहे.)

उरलेली रक्कम राज्य सरकार आणि शहर मिळून घालतात. म्हणजे आपल्या २ लाखांच्या शहराला २० कोटींपैकी साधारण ६ कोटी ६७ लाख केंद्राकडून मिळू शकतात. बाकी १३ कोटी ३३ लाखांची सोय राज्य आणि शहराला करावी लागेल. "अनुदान मिळालं" म्हणजे सगळं फुकट, असं अजिबात नाही.

अर्ज म्हणजे नुसतं पत्रही नाही. शहराला आधी पाण्याचा ताळेबंद मांडावा लागतो. पाणी किती येतं, किती जातं, सांडपाणी किती निघतं, त्यातलं किती पुन्हा वापरतो. त्यावरून शहराचा आराखडा, मग राज्याचा आराखडा आणि शेवटी केंद्राच्या समितीची मंजुरी. पैसेही एकदम येत नाहीत. २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतात आणि पुढच्या हप्त्यासाठी काम झाल्याचं दाखवावं लागतं.

गंमत बघा. गळती किती आहे हे मोजायला शहराला मीटर हवेत. मीटरसाठी अनुदान हवं. आणि अनुदानाच्या अर्जात पहिल्यांदा विचारतात, तुमची गळती किती? ज्या शहराकडं मोठ्या वाहिन्यांवरही चालू मीटर नाहीत, ते हा आकडा अंदाजानं भरतं. असा अंदाज नंतर प्रकल्पाला महागात पडतो, कारण "आधी किती होतं" हेच पक्कं माहीत नसेल तर "किती वाचलं" हे कसं सांगणार?

अनुदानाशिवाय दुसरा रस्ता कर्जाचा. पुणे महापालिकेनं जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले. व्याज ७.५९ टक्के, मुदत १० वर्षं. मीटर बसवणं हा त्याच योजनेचा भाग. पण रोखे म्हणजे उधारी, ती व्याजासकट फेडावी लागते. पुण्यासारखं मोठं शहर बाजारातून पैसे उभे करू शकतं. आमच्या गावासारख्या शहराला तो दरवाजा जवळजवळ बंदच, म्हणून त्यांचं सगळं लक्ष अनुदानाकडं.

आता आईचा प्रश्न: हवा मोजणार का?

उत्तर: हो, चक्रीवाला मीटर असेल तर मोजू शकतो.

पाणी आठ दिवसांनी येतं, म्हणजे मधल्या काळात पाईप रिकामा असतो. रिकामा म्हणजे हवेनं भरलेला. पाणी सोडलं की ते पुढची हवा ढकलत येतं. नळाला आधी "फुस्स" आवाज येतो, तो तुम्हीही ऐकला असेल. ती हवा मीटरमधूनच जाते, चक्री गरागरा फिरते आणि आकडा पुढं सरकतो. नळातून थेंब आला नाही, तरी मीटरनं लिटर नोंदवलेले असतात.

अल्ट्रासोनिक मीटरमध्ये हा त्रास बराच कमी. पाईपमध्ये पाणी नसेल तर ध्वनिलहर नीट पोहोचत नाही आणि बरेच मीटर मोजणं थांबवून "पाईप रिकामा" अशी नोंद करतात. पण ते महाग असतात. म्हणजे २० कोटींत बसवायला स्वस्त चक्रीवाले घेतले, तर नागरिकाला हवेचं बिल येण्याची भीती. महाग घेतले, तर सगळ्या घरांना पुरत नाहीत. वाहिनीवर योग्य ठिकाणी हवा सोडणारे व्हॉल्व्ह बसवले तरी खूप फरक पडतो, पण अर्जात ते धरलेत का, हे बघायला हवं.

दुसरी अडचण. गळती शोधायची उत्तम वेळ रात्री २ ते ४. तेव्हा लोक झोपलेले असतात, तरी वाहिनीतून पाणी जात असेल तर त्यातलं बरंचसं गळतीचंच. पण ज्या शहरात रात्री वाहिनीच कोरडी, तिथं ही युक्ती चालणार कशी?

तिसरी अडचण हौदाची. आमच्याकडं प्रत्येक घरात जमिनीखाली हौद आहे, वर टाकी आहे आणि पाणी आलं की बरेच जण थेट नळाला मोटर लावतात. हौद भरत आला की बॉलकॉक हळूहळू बंद होतो आणि शेवटी पाण्याची बारीक धार उरते. इतका कमी प्रवाह चक्रीवाल्या मीटरला नीट समजत नाही. म्हणजे सुरुवातीला हवा जास्त मोजली आणि शेवटी पाणी कमी मोजलं!

म्हणून जिथं मीटर नीट चाललेत, तिथं मीटर आणि सलग पाणी या गोष्टी जोडीनं आल्या आहेत. आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे कराडजवळचं मलकापूर, सातारा जिल्हा. तिथं दीड दशकापूर्वीच चोवीस तास पाणी, एएमआर मीटर आणि टप्प्याटप्प्यानं वाढणारे दर एकत्र आणले. कमी वापरला तर स्वस्त, जास्त वापरला तर पुढच्या टप्प्याचा दर महाग. पाणी कायम येणार याची खात्री असेल तर कोण कशाला हौद भरून ठेवेल आणि पुढच्या वेळी शिळं म्हणून ओतून देईल?

१० वर्षांनी काय?

मघाची बॅटरी आठवा. अशी अनुदानं मुख्यतः उभारणीसाठी असतात. रोजची देखभाल, सर्व्हरचं भाडं, नेटवर्कचा खर्च, बिघडलेले मीटर बदलणं, हे शहरानं पाणीपट्टीतून भागवायचं असतं.

२० कोटींचे मीटर १० वर्षांनी बदलायचे असतील, तर महागाई सोडूनही दरवर्षी २ कोटी बाजूला ठेवायला हवेत. ४०,००० जोडण्यांत वाटले तर वर्षाला ५०० रुपये, महिन्याला साधारण ४२ रुपये. रक्कम फार मोठी नाही. पण ती कोणी बाजूला ठेवली नाही, तर दहाव्या वर्षी प्रत्येक भिंतीवर एक मेलेला डबा लटकत राहील आणि शहर पुन्हा अनुदानाची वाट बघत बसेल. आमच्या गल्लीत जुने मीटर आहेत की! काचा फुटलेले, आत माती गेलेले. त्यांचे आकडे कोण शेवटचं वाचून गेलं, हे आईलाही आठवत नाही.

नळ बंद करणारा मीटर आणि तुमचा डेटा

काही स्मार्ट मीटरमध्ये व्हॉल्व्हही असतो. पैसे संपले किंवा बिल थकलं की लांबूनच पाणी बंद. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या सोवेतो भागात असे प्रीपेड मीटर बसवले होते. ठरावीक पाणी फुकट, ते संपलं की पुढं पैसे भरेपर्यंत नळ बंद. रहिवासी कोर्टात गेले. खालच्या कोर्टांत त्यांच्या बाजूनं निकाल लागले, पण २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं शहराची बाजू मान्य केली. एका खोलीत सहा-सात माणसं राहणाऱ्या घरात फुकट पाणी किती दिवस पुरणार, हा प्रश्न मात्र निकालानंतरही तसाच राहिला. म्हणून आपल्या शहराच्या अर्जात फक्त मोजणारा मीटर आहे की पाणी तोडणाराही, हे विचारलंच पाहिजे.

दुसरा मुद्दा डेटाचा. दर तासाचा पाणीवापर बघितला तर तुम्ही किती वाजता उठता, घरी किती लोक आहेत आणि दिवाळीत घर कधी रिकामं होतं, सगळं समजतं. भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालाय. मीटरचा डेटा कुणाच्या सर्व्हरवर राहणार आणि कंत्राट संपल्यावर तो कुणाकडं जाणार, हे कंत्राटात लिहिलेलं असायला हवं.

स्मार्ट मीटर येईपर्यंत तुम्ही काय करू शकता?

तुमच्या हातातला फोन पुरेसा आहे.

१. पाणी चालू असताना घरातले सगळे नळ आणि टाकीकडं जाणारा व्हॉल्व्ह बंद करा. मीटरचा फोटो काढा. अर्ध्या तासानं (पाणी तेवढा वेळ असेल तर) परत काढा. लाल काटा हलला असेल, तर मीटर आणि घराच्या मध्ये कुठंतरी गळती आहे.

२. सोसायटीत एकच मीटर असेल, तर रात्री टाकीच्या पातळीवर खूण करून फोटो घ्या, मोटर बंद ठेवा आणि पहाटे कोणी उठायच्या आत पुन्हा बघा.

३. गळणाऱ्या नळाखाली पाव लिटरचा ग्लास ठेवा आणि फोनवर टायमर लावा. ५ मिनिटांत भरला तर तासाला ३ लिटर, दिवसाला ७२ आणि महिन्याला २,१६० लिटर वाया जातंय.

४. पाणी येतं त्या दिवशी नळ सोडायच्या आधी आणि "फुस्स" थांबून धार लागली त्या क्षणी, असे मीटरचे दोन फोटो काढा. मधला फरक म्हणजे हवा. असे चार-पाच वेळचे फोटो तारखेसकट तुमच्याकडं असतील, तर बिलाची तक्रार करताना ते कामाला येतील.

आणि तुमच्या शहरातही असा अर्ज जाणार असेल, तर नगरसेवकाला किंवा पाणीपुरवठा विभागाला हे पाच प्रश्न विचारा: मीटर चक्रीवाले की अल्ट्रासोनिक? प्रत्येक भागाच्या तोंडाशी मोठा मीटर बसणार का? पाण्याचे दिवस वाढणार का? १० वर्षांनी मीटर बदलायचे पैसे कुठून येणार? मीटरमध्ये पाणी तोडणारा व्हॉल्व्ह आहे का? नीट उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, तो ऑनलाईनही करता येतो.

परवा मी आईला फोनवर सांगितलं, "तू म्हणालीस ते बरोबर होतं. मीटर खरंच हवा मोजतो." ती म्हणाली, "मग? मला काय आज कळतंय का?" या वेळी पाणी आलं तेव्हा तिनं आमच्या जुन्या मीटरचे दोन फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, एक नळ सोडायच्या आधीचा, एक धार लागल्यावरचा. काच इतकी धुरकट आहे की आकडा दिसतच नाही. पण शेजारच्या काकूंकडचा मीटर चालू आहे म्हणे. पुढच्या वेळी तिकडचे फोटो येणार आहेत.

तुमच्या घरी किती हवा निघाली, ते मोजून नक्की बघा.